पाव फेरा

बुधवारी संध्याकाळी फिटरदादांनी व्हॉल्व्हचा स्क्रू शेवटचा पिळला, दाबाच्या काट्याकडे पाहिलं, खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि स्क्रूच्या डोक्यावर धरून फिरवायचे जे दोन कान असतात त्यांतल्या एकापासून खाली पितळी अंगापर्यंत एक सरळ रेघ ओढली. त्या कारखान्यात रेघ ओढली की विषय संपला. रेघ जुळलेली म्हणजे व्हॉल्व्हला कुणी हात लावलेला नाही, रेघ तुटलेली म्हणजे लावलाय. पंधरा वर्षं ही पद्धत बिनबोभाट चालू होती आणि तिच्यावर कुणी संशय घेतला असता, तर दादांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं असतं. नेलपॉलिश त्यांच्या बायकोचं. दर दोन महिन्यांनी बाटली कुठे गेली म्हणून ती घर डोक्यावर घेई आणि दादा मोठ्या तत्परतेनं ती शोधायला तिला मदत करत.

रेघ वाळेपर्यंत ड्रॉइंगवाल्या ताई शेजारी उभ्या होत्या. हा व्हॉल्व्ह त्यांचा. म्हणजे पितळ कारखान्याचं, स्प्रिंग बाहेरून आणलेली, पण डोकं सगळं त्यांचं. आणि हे सांगायला लागावं हीच खरी अडचण होती. बावीस वर्षं त्या वरच्या मजल्यावर बसून ड्रॉइंगं काढत होत्या. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: 'डिझाइन्ड बाय', 'ड्रॉन बाय' आणि 'चेक्ड बाय'. ताईंचं नाव कायम मधल्या चौकटीत. पहिल्या चौकटीत मालकांची सही, मग डिझाइन कुणाचं का असेना. या व्हॉल्व्हच्या वेळी मात्र ताईंनी सगळा धीर गोळा करून पहिल्या चौकटीचं विचारलं होतं. मालक माणूस वाईट नव्हते. थोडा वेळ पेपरवेट फिरवून ते म्हणाले होते, "गुरुवारी गिऱ्हाइकाच्या तपासनिसांनी पास केला, तर चौकट तुमची. नापास झाला तर तिथं तुमचं नाव नसलेलंच बरं, नाही का?"

पंप चालू असताना पुढचा नळ कुणी बंद केला की पाइपातला दाब चढतो. अशा वेळी जास्तीचं पाणी आडवाटेनं परत टाकीत सोडायचं, एवढंच या व्हॉल्व्हचं काम. मालकांनी तरुणपणी स्वतः केलेला एक व्हॉल्व्ह हेच काम तीस वर्षं करत आला होता. तो दाब चढेपर्यंत ढिम्म बसून राही आणि मग धाडकन उघडे, की सगळी पाइपलाइन दणाणून जाई. कामगार त्याला 'ठोक्या' म्हणत, अर्थात मालकांच्या माघारी. ताईंचा व्हॉल्व्ह समजूतदार होता. दाब चढू लागला की तो आधी बारीक धार सोडे, मग जाड, मग आणखी जाड. धक्का नाही, आवाज नाही. ती बारीक धार हीच त्याची सगळी हुशारी होती. परतीची नळी पारदर्शक असल्यामुळे ती येताजाता सगळ्यांना दिसे. चाचणीआधी पंप दोन दिवस अखंड चालवायचा अशी गिऱ्हाइकाची अट होती, म्हणून मंगळवारपासून कोपऱ्यातला टेस्टबेंच, म्हणजे पंप आणि व्हॉल्व्ह जोडलेलं चाचणीचं टेबल, घुर्र करत होता आणि नळीतून धार वाहत होती.

दादा घरी गेल्यावर ताई पुन्हा एकदा खाली आल्या. धार अगदी हवी तशी होती. ती पाहून खरं तर त्यांनी घरी जायला हवं होतं, पण मनात एक शंका शिरली. आपल्याला माहीत आहे की ही धार म्हणजे काम चालू आहे. तपासनिसांना काय माहीत? आल्या आल्या त्यांना 'गळतोय' असं वाटलं तर? पहिलं मत एकदा वाईट झालं की पुढचं सगळं ऐकूनही न ऐकल्यासारखं होतं. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्क्रू अगदी थोडा पिळला. पाव फेऱ्याचाही अर्धा. धार किंचित बारीक झाली. मग थिनरच्या बोळ्यानं त्यांनी जुनी रेघ पुसली आणि लेकीची जी बाटली पर्समध्ये चुकून राहिली होती तिनं नवी ओढली. रंग जवळपास तोच होता. घरी जाताना त्यांना आपण काही वावगं केलं असं वाटलं नाही, फक्त जेवण नेहमीपेक्षा कमी गेलं.

गुरुवारी सकाळी जे झालं ते नंतर एकेकाच्या तोंडून बाहेर आलं. पण ते क्रमानं सांगितलेलं बरं.

सात वाजता फिटरदादा आले. ताईंच्या व्हॉल्व्हवर त्यांचा फार जीव. त्यांना धार कालच्यापेक्षा बारीक दिसली. म्हणजे नवा व्हॉल्व्ह बसत चाललाय आणि धार थांबायच्या बेतात आहे असं समजून त्यांनी तिला थांबायला थोडी मदत केली. पाव फेरा. रेघ पुसली, नवी ओढली. साडेसातला स्टोअरकीपर आले. वीस वर्षांत त्यांच्या हातून एक वॉशरसुद्धा सहीशिवाय सुटला नव्हता आणि इथे उघड्या डोळ्यांसमोर पाणी वाहत होतं. आज पाहुणे यायचे, ताईंची अब्रू जायला नको, असा विचार करून त्यांनीही पाव फेरा दिला आणि लाल पेनानं रेघ ओढली.

आठ वाजता पेंटर आला. सगळा बेंच चांदीसारखा चमकला पाहिजे, असा मालकांचा हुकूम होता. त्यानं पंप रंगवला, पाय रंगवले, पाइप रंगवले. बेंचवर पंपाच्या रक्षणासाठी ठोक्या बसवलेला होता, त्याला तर मालकांच्या हातचा म्हणून आदरानं दोन हात मारले, उघडायच्या दांड्यासकट. पण नळीच्या तोंडातून थेंब उडून ओल्या रंगावर पडत होते. पेंटरनं अर्धा फेरा पिळला, थेंब जवळजवळ थांबले. रेघेची पद्धत त्यालाही ठाऊक होती. त्यानं सर्वांत बारीक ब्रश घेऊन अशी सुबक रेघ काढली की तशी त्या कारखान्यात आजवर कुणाला जमली नव्हती.

नऊच्या सुमाराला मालकांच्या आई कारखान्यात चक्कर मारायला आल्या. घर मागच्याच अंगाला. वय ऐंशी, आणि गळका नळ दिसला की आजींचा हात विचारल्याशिवाय पुढे जातो. नळीतून मिनिटाला एक थेंब पडत होता. आजींनी स्क्रूचे दोन्ही कान धरून पाव फेरा आवळला आणि कुणी लक्षच देत नाही असं पुटपुटत पुढे गेल्या. रेघेबिघेशी त्यांचा काही संबंध नव्हता. ती तुटली.

आणि तपासनीस ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी हजर झाले. मालकांची तारांबळ उडाली. पाहुण्यांना केबिनमध्ये बसवून, चहा सांगून ते धावत वर गेले, तर ताई घामाघूम. छपाईच्या यंत्रानं ड्रॉइंगचा कागद निम्मा गिळून ठेवला होता. त्यांना घाई करायला सांगून मालक खाली आले, जाता जाता बेंचवर नजर टाकली आणि जागीच थबकले. रेघ जुळत नव्हती. दोन दिवसांच्या थरथरीनं स्क्रू सैल झाला असणार, हे त्यांच्या तत्काळ लक्षात आलं. सैल झालेला स्क्रू आवळायचा असतो. मालक रेघ जुळेपर्यंत आवळत गेले. अर्धा फेरा झाला तेव्हा कानावरची रेघ अंगावरच्या रेघेला बरोबर भेटली. आपण वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं, असं स्वतःशी म्हणत त्यांनी रुमालानं हात पुसले.

दहाला सगळे बेंचभोवती जमले. ताई ड्रॉइंगची गुंडाळी छातीशी धरून आल्या. पहिली नजर नळीकडे गेली. धार नव्हती. थेंबही नव्हता. मग त्यांनी रेघ पाहिली. रेघ सरळ होती, किंबहुना इतकी सुंदर की दादांनी आजसाठी खास मेहनत घेतली असावी. रेघेवर शंका घेणं म्हणजे चार लोकांत दादांवर शंका घेणं. शिवाय रेघेला आधी कुणी हात लावला होता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ताई गप्प राहिल्या.

तपासनिसांनी पुढचा नळ हळूहळू बंद केला. काटा चढू लागला. चार झाले, पाच झाले. सहावर तो थांबायला हवा होता. सात झाले. मालक निर्धास्त होते, कारण काहीही झालं तरी त्यांचा ठोक्या उघडणार होता. पण ठोक्या दोन हात चांदी रंगाखाली डोळे मिटून बसला होता. काटा आठच्या पुढे गेला तेव्हा ताई "पंप बंद करा" म्हणाल्या. दादा बटणापर्यंत पोचण्याआधी रबरी पाइप क्लिपमधून निसटला, वर उठला आणि त्यानं एक पूर्ण गिरकी घेऊन सगळ्यांना न्हाऊ घातलं. सर्वांत जास्त पाणी तपासनिसांच्या वाट्याला आलं. ते समोर उभे होते.

पंप थांबला. छपरावरून पाणी टपकत होतं. "गळतोय म्हणून मी सकाळीच म्हटलं होतं," मागून आजी म्हणाल्या.

तपासनिसांना कोरडा निळा डगला दिला गेला. तो लेथवाल्या मामांचा असल्यामुळे त्यात आणखी एक तपासनीस सहज मावला असता. बाह्या दुमडत ते स्टुलावर बसले आणि ओल्या फायलीचं पान सावकाश सोडवू लागले. मालक एकसारखी माफी मागत होते. मागता मागता ते बोलून गेले, की डिझाइन ताईंचं आहे, पहिलंच आहे, आपला नेहमीचा व्हॉल्व्ह असता तर असं झालं नसतं. ताईंनी मान खाली घातली. बावीस वर्षं वाट पाहून आपण चौकट मागितली आणि तिच्यात पाणी भरलं, असं त्यांना झालं.

हे फिटरदादांना बघवेना. ते स्क्रूपाशी वाकले आणि तो मानेपर्यंत आत गेलेला पाहून चकित झाले. "एवढा मी नव्हता पिळला," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांना नंतर कळलं. मग लपवण्यात अर्थ नव्हता. आपण सकाळी पाव फेरा दिला, तो ताईंसाठीच दिला, असं त्यांनी सांगून टाकलं. दादांसारखा माणूस कबूल होतोय म्हटल्यावर स्टोअरकीपरना राहवलं नाही. त्यांनी आपला पाव सांगितला. पेंटरनं अर्धा सांगितला आणि ठोक्याच्या दोन हातांचंही सांगून टाकलं. आजींना विचारावंच लागलं नाही, त्या पाव फेरा अभिमानानं सांगत होत्या. सगळ्यांच्या नजरा मालकांकडे वळल्या, कारण ते रुमालानं केव्हाच कोरडे झालेले हात पुन्हा पुन्हा पुसत होते.

"रेघ तुटलेली होती," मालक म्हणाले. "मी फक्त जुळवली. अर्धा."

तपासनिसांनी कोरडं पान काढलं. त्यांचा चेहरा कळण्यासारखा नव्हता. डिझाइनमध्ये दोष आढळला नाही, असं ते लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले, आणि ताईंनी मान वर केली. व्हॉल्व्हला डिझाइन करणाऱ्या व्यक्तीखेरीज कारखान्यातील सर्वांनी परस्पर हात लावला, सबब व्हॉल्व्ह पुन्हा लावून चाचणी घ्यावी. मालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दादा ताईंकडे बघून हसले. चौकट आता हातभर अंतरावर होती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याची ताईंना बावीस वर्षांची सवय होती.

"तेवढं 'खेरीज' काढा," ताई म्हणाल्या.

कुणाला काही कळेना. मग त्यांनी बुधवारची संध्याकाळ सांगितली, लेकीच्या बाटलीसकट. दादांचं तोंड उघडंच राहिलं. फेऱ्याचं त्यांना काही वाटलं नाही, पण आपली रेघ ताईंनी पुसावी याचं वाटलं.

"म्हणजे तुमचाच तुमच्या व्हॉल्व्हवर विश्वास नव्हता," तपासनीस म्हणाले.

"व्हॉल्व्हवर होता. बघणाऱ्यांवर नव्हता."

तपासनिसांनी पेन खाली ठेवलं. मालक आता सगळं संपल्यासारखे जमिनीकडे बघत होते. पण तपासनीस रागावलेले दिसत नव्हते. त्यांच्या कंपनीचे पंप वीसेक ठिकाणी बसले होते, ते सांगू लागले, आणि वीसही ठिकाणी कुणी ना कुणी स्क्रू पिळून ठेवतंच. पाट्या लावून झाल्या, दम देऊन झाला. आज सगळ्यांना ताकीद दिली तरी उद्या नवा माणूस येईल आणि त्याला पाणी दिसेल. "माणसांचं राहू द्या," ते म्हणाले. "पिळला तरी पिळला जाणार नाही, असा करता येईल का? माझी दोनची गाडी आहे."

मालकांनी तोंड उघडलं, बहुधा आठ दिवसांची मुदत मागायला. पण ताई तोवर फायलीचं एक ओलं पान उलटं करून त्यावर पेन्सिल चालवत होत्या. कागद फाटत होता, तरी त्या थांबल्या नाहीत. फेरे तर सगळे आता सांगून झालेच होते. दादांनी स्क्रू काट्यावर पाहून परत बुधवारच्या जागी आणला, ताईंनी कानांखालचं अंतर मोजलं आणि कुणालाही न विचारता थेट लेथवाल्या मामांकडे गेल्या. मामा त्या दिवशी एकटेच निर्दोष होते, कारण लेथवरून बेंच दिसत नाही. ताईंनी त्यांना एक कडं मागितलं. स्क्रूच्या कानांखाली बसेल असं. स्क्रू ठरल्या जागी आला की कान कड्यावर टेकणार आणि पुढे जायला जागाच उरणार नाही. एवढीशी गोष्ट. आपल्याला ती आधी का सुचली नाही, याचं ताईंना नवल वाटत होतं. तेव्हा त्या फक्त पाणी कसं वागतं एवढाच विचार करत होत्या, म्हणून.

पाऊण तासात कडं बसलं. रबरी पाइपाला या खेपेला दोन क्लिपा लागल्या. पेंटर खरवडणी घेऊन ठोक्याचा दांडा मोकळा करत होता आणि मधूनमधून मालकांकडे बघून ओशाळं हसत होता. पंप चालू झाला, नळीत बारीक धार आली. मग तपासनिसांनी सगळ्यांना स्क्रू पिळायला सांगितला. हे अधिकृत निमंत्रण होतं. पेंटरनं दोन्ही हातांनी जोर लावला. स्टोअरकीपरनी बोटं सोलवटून घेतली. दादांनी आधी ताईंची परवानगी मागितली आणि मग त्यांनीही जीव खाऊन पाहिलं. शेवटी आजी पुढे झाल्या. त्यांनी कान धरले, ओढ दिली आणि निराश होऊन मागे सरल्या.

"हा बिघडलाय," आजी म्हणाल्या. "फिरतच नाही."

तपासनिसांनी नळ बंद केला. काटा चढला. पाच, साडेपाच, सहा. नळीतली धार जाड झाली, आणखी जाड झाली, आणि काटा सहावर जो उभा राहिला तो हलेना. पंपाचा आवाजसुद्धा बदलला नाही. तपासनिसांनी व्हॉल्व्हवर हात ठेवला, वाकून कान लावला. काहीच ऐकू आलं नाही, आणि तेच ऐकायला ते आले होते. ताईंचे डोळे भरून आले. इतक्या माणसांसमोर डोळे पुसायला त्यांना लाज वाटली, पण तशीही आज सगळ्यांचीच तोंडं ओली होती.

ड्रॉइंगची नवी प्रत बेंचवर पसरली गेली. ताईंनी हातानंच त्यात कडं काढलं, बाजूच्या रकान्यात 'पितळ' असं लिहिलं. मालकांनी पेनाचं टोपण काढलं आणि हात सवयीनं पहिल्या चौकटीकडे गेला. तो तिथेच थांबला. क्षणभर त्यांनी आपल्याच हाताकडे परक्यासारखं पाहिलं, मग पेन ताईंपुढे धरलं. "घाला नाव," ते म्हणाले, आणि उगाचच ठोक्याचा रंग कितपत निघालाय ते बघायला गेले. मंडळी पांगली. बेंचपाशी ताई आणि तपासनीस दोघंच उरले.

ताईंनी पेन हातात धरलं, पण नाव लिहिलं नाही. त्यांच्या मनात कधीपासून एक गोष्ट सलत होती, आणि ड्रॉइंगवाल्या माणसाला न जुळणारं माप झोपू देत नाही.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "पेंटरची रेघ सरळ होती. आजींनी पाव फिरवला, तेव्हा ती तुटली. मालकांनी अर्धा फिरवला, तेव्हा ती जुळली. पाव आणि अर्धा पाऊणच होतात. रेघ जुळायला पूर्ण फेरा लागतो. मधला पाव कुणाचा?"

तपासनीस डगल्याची बाही दुमडत होते. ती चांगली दुमडलेली होती, तरी त्यांनी ती उलगडून पुन्हा दुमडली.

"चहा यायला वेळ लागत होता," ते अखेर म्हणाले. "बसून कंटाळा आला म्हणून केबिनमधून बाहेर आलो. इथं कुणी नव्हतं. एक थेंब पडताना दिसला." त्यांनी बाही सोडून दिली. "एकवीस वर्षं मी अहवालात लिहितोय, की व्हॉल्व्हला हात लावू नये."

ताईंना हसू येत होतं, पण समोरचा माणूस खरोखरच ओशाळला होता, म्हणून त्यांनी ते ओठात दाबलं. तपासनीस ड्रॉइंगवर वाकले आणि त्यांनी रकान्यातल्या 'पितळ' या शब्दावर बोट ठेवलं.

"हे कडं स्टीलचं करा," ते हळूच म्हणाले. "पितळेचं असेल, तर मी ते वाकवेन."

ताईंनी 'पितळ' खोडून 'स्टील' लिहिलं. मग पहिल्या चौकटीत आपलं नाव घातलं, पूर्ण, आडनावासकट.